कृतज्ञतेची वही आणि ‘पुरे’ची रेघ: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांची खांदमळणी होते. काही भागांत तिला खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू जिथे बसतं, जिथे घट्टे पडून कातडी जाड झालेली असते, नेमकी तीच जागा कोमट पाण्याने शेकायची आणि तिच्यावर हळद आणि तूप नाहीतर लोणी चोळायचं. मग बैलाला आमंत्रण द्यायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी मानेवर जू नाही, समोर पुरणपोळी.

कृतज्ञतेची सगळी रीत या अर्ध्या तासात आहे. ओझं कुठे पडलं ते हुडकायचं, तिथे हात लावायचा, तोंडाने बोलायचं आणि जमेल तेवढा भार उतरवायचा. एरवी आपण ‘देवाच्या कृपेने सगळं छान आहे’ म्हणतो आणि विषय मिटवतो. त्यात खांदा कुठेच सापडत नाही, म्हणूनच असं वाक्य हजारदा म्हणूनही मनात काही हलत नाही. तो खांदा हुडकून लिहून ठेवायचा, ती कृतज्ञतेची वही.

काय लागतं

शंभर पानी वही आणि पेन. महागडी जाड पुठ्ठ्याची डायरी आणू नका. तिच्यात ‘चांगलं’ लिहावंसं वाटतं, आणि इथे चांगलं लिहायचं नसून खरं लिहायचं आहे. मोबाइलवर लिहिलं तर बिघडत नाही, फक्त नोंद उघडायला गेलेला माणूस मेसेज वाचून परत येतो, हा अनुभव सगळ्यांचा सारखाच आहे.

वेळ दहा मिनिटं. ती घड्याळाला नको, रोजच्या एखाद्या कामाला बांधा: ओटा पुसून झाला की, विरजण लावलं की, दाराची कडी लावली की. ‘रोज रात्री दहाला’ असं ठरवलेलं पाहुणे आले की मोडतं. ओटा मात्र पाहुणे गेल्यावरही पुसावाच लागतो.

रोज की आठवड्यातून एकदा?

नवशिक्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि उत्तर थोडं अडचणीचं आहे. 2005 साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या याची कारणं लिहायला लावली. त्याचा चांगला परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका प्रयोगात सहा आठवडे काही जणांनी आठवड्यातून एकदा नोंद केली, काही जणांनी तीनदा. फरक पडला तो एकदा लिहिणाऱ्यांना. तीनदा लिहिणाऱ्यांचं बहुधा ते गृहपाठ होऊन बसलं.

दोन्ही जमेस धरून आमचा सल्ला असा: पहिले सात दिवस रोज, तीन नोंदी. त्याने नजर बसते. आठव्या दिवसापासून आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, तीन ते पाच नोंदी. असे सहा आठवडे करा. एखादा वार चुकला तर दुसऱ्या दिवशी ‘बॅकलॉग’ भरायचा नाही, सरळ पुढच्या वारी लिहायचं.

नोंद कशी लिहायची

इथे घाई करू नका, कारण सगळं इथेच ठरतं. एका नोंदीत चार गोष्टी याव्यात: काय घडलं, कोणामुळे घडलं, त्याला त्यासाठी काय करावं लागलं, आणि ते घडलं नसतं तर काय झालं असतं. दोन-तीन ओळींत बसतं.

बहुतेकांची पहिल्या दिवसाची नोंद साधारण अशी असते:

‘पाणी मिळतं याबद्दल कृतज्ञ आहे.’

हे खोटं नाही, पण आठवडाभराने वाचलं तर यातून कोणताही दिवस आठवत नाही. हीच नोंद नीट लिहिली तर:

‘आज नळाला पाणी सहाऐवजी सव्वापाचलाच आलं. समोरच्या काकूंनी दोनदा बेल वाजवून उठवलं. त्यांची स्वतःची बादली नळाखाली होती, ती तशीच सोडून आल्या. उठलो नसतो तर आज टँकर मागवायला लागला असता.’

दुसऱ्या नोंदीत वाहून जाणारी बादली आहे. काकूंचा खांदा सापडला तो त्या बादलीत. तो तपशील मिळेपर्यंत नोंद पूर्ण झाली असं समजू नका. सापडतच नसेल तर स्वतःला विचारा, ‘हे करताना त्या माणसाने कशावर पाणी सोडलं?’ झोप, पैसे, रांगेतला नंबर, रविवार, स्वतःचं मत, काहीतरी निघतंच.

सगळ्याच नोंदी माणसांच्या नसतील. पहिला पाऊस, दुखणं थांबलेली दाढ, वेळेवर आलेली एसटी यांच्याही होतील. तरी पाचांत निदान दोन नोंदी माणसांच्या ठेवा, आणि त्यांतली एक अशा माणसाची की ज्याचं नाव तुम्हाला ठाऊक नाही. भर पावसात खांबावर चढलेला लाइनमन, पहाटे गठ्ठे सोडणारा पेपरवाला, घंटागाडीवर ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणारी बाई. पुढच्या वेळी भेट झाली की नाव विचारा आणि वहीत लिहा.

‘नेहमी’, ‘सगळे’, ‘खूप’ हे तीन शब्द वहीत चालणार नाहीत असा नियम केला तर नोंदी आपोआप सुधारतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी काय बिनसतं

साठा संपतो. आई-वडील, आरोग्य, नोकरी, मुलं हे पहिल्या तीन दिवसांत लिहून झालेलं असतं आणि आता तेच पुन्हा लिहायचं की काय, असं होतं. याचा अर्थ आयुष्यात चांगलं संपलं असा नसून आपण अजून मथळेच लिहीत आहोत, असा आहे. ‘आई’ ही नोंद नव्हे. ‘आईने गुडघा दुखत असताना पाट न घेता उभ्याने पोळ्या लाटल्या’ ही नोंद आहे. गेल्या चोवीस तासांतलंच लिहायचं, असं बंधन घातलं की साठा संपत नाही.

दुसरं बिनसतं ते तुलनेमुळे. ‘रस्त्यावर झोपणाऱ्यांकडे बघ, आपण किती सुखी’ हा विचार कृतज्ञतेसारखा दिसतो, पण तो दुसऱ्याच्या दुःखाच्या पाटावर बसलेला असतो. आणि पाट उलटा फिरायला वेळ लागत नाही. खाली बघून मिळालेलं समाधान वर बघितलं की जातं, आणि वर बघायला आता स्टेटस आणि रील पुरेसे आहेत. वहीत ‘त्याच्यापेक्षा तरी’ हे शब्द आले तर ओळ खोडा.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष जाणवते: उपकाराचं ओझं. कोणी मदत केली की पहिला विचार येतो, ‘आता याचं फेडायचं कसं?’ लग्नातल्या आहेराची वही घराघरांत असतेच. कोणी किती घातले ते बघून आपण तितकेच घालायचे. ती वही वेगळी, ही वेगळी. नोंद करताना छातीवर दडपण आलं तर समजा, लेखणी आहेराच्या वहीत शिरली. अशा वेळी शेवटी एवढं लिहा, ‘हे फेडायचं नाही, आठवायचं आहे.’ मात्र समोरचा खरोखर मोजून ठेवणाऱ्यांतला असेल, तर ती नोंद कृतज्ञतेची नव्हेच. ती उधारी आहे, वेळेवर चुकती करा आणि मोकळे व्हा.

वाईट दिवशी

घरात मयत झाली आहे, नोकरी गेली आहे, भांडण विकोपाला गेलं आहे. अशा दिवशी चांगलं शोधायला बसू नका. तारीख लिहा, जे झालं ते एका ओळीत लिहा आणि वही मिटा. लिहावंसंच वाटलं तर एकच प्रश्न: आज सोबत कोण होतं? डबा कोणी आणून दिला, दवाखान्यात रात्री बाकड्यावर कोण बसलं. त्यापलीकडे काही नाही.

एक स्पष्ट सांगायला हवं. वही हा उपचार नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावांचा परिणाम थोडाच आढळला. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, जगणं नकोसं वाटतं असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि दुसऱ्याला ‘समाधान मान’ म्हणून सांगू नका. हे वाक्य बहुतेक वेळा सुनेला, धाकट्या भावाला किंवा पगारवाढ मागणाऱ्याला ऐकवलं जातं, आणि ऐकवणाऱ्याची त्यात सोय असते. कृतज्ञता स्वतः निवडायची असते. लादली की ती गप्प बसवण्याची युक्ती होते. तक्रार रास्त असेल तर ती कराच. नोंद आणि तक्रार एकाच दिवशी, एकाच माणसाबद्दल असू शकतात.

तोंडाने कसं सांगायचं

मराठी घरात आईला ‘धन्यवाद’ म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. ‘मी तुझा आभारी आहे’ हे तर सत्काराच्या भाषणातलं वाक्य. यात आपलं काही वावगं नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ भाषांतली रोजची घरगुती बोलणी तपासली तेव्हा, कोणी मागितलेलं काम करून दिल्यावर आभाराचा शब्द येण्याचं प्रमाण वीस वेळांत जेमतेम एक निघालं. घरात मदत गृहीत धरली जाते, ते नात्याचं लक्षण आहे. अडचण अशी की गृहीत धरता धरता ती दिसेनाशी होते.

म्हणून आभाराचा शब्द टाळा आणि पाहिलेली गोष्ट सांगा:

‘आई, पाचला उठून डबा केलास म्हणून आज सातची गाडी मिळाली.’

‘दादा, तुम्ही गाडी आडोशाला घेतलीत, त्यामुळे सामान भिजलं नाही.’

‘मावशी, कुकरची शिटी तुम्ही बदलून आणलीत ना? माझ्या लक्षातच नव्हतं.’

वाक्यात दोन भाग पुरतात, त्यांनी काय केलं आणि त्याने काय झालं. उत्तर ‘त्यात काय एवढं’ असंच येणार. त्यावर वाद घालायचा नाही, ‘किती म्हणजे किती’ अशी फुलंही उधळायची नाहीत. हसून पुढच्या कामाला लागायचं. गोव्यात कोकणीत सहज म्हटलं जाणारं ‘देव बरें करूं’ किती सुटसुटीत आहे बघा. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं ‘बरं झालं, तू होतीस’ आहे, ते वापरा.

तीन पथ्यं पाळा. कौतुकाच्या शेपटाला काम बांधू नका. ‘भाजी काय सुंदर झाली, उद्या चार जण जेवायला येतायत’ यात पहिलं वाक्य वाया जातं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं टाकून मोकळं होऊ नका, त्या एका माणसाशी बोला. आणि जिथे पैसे देणं लागतं तिथे शब्दांवर भागवू नका. घरकामाच्या मावशींना ठरल्या तारखेला पूर्ण पगार, आठवड्याची सुटी आणि दिवाळीला बोनस हे आधी. गोड बोलणं नंतर. पोळ्याला बैलाला नुसतं ओवाळून नांगराला जुंपलं तर तो कसला पोळा?

एक पत्र

सहा आठवड्यांत एकदा हे करा, जास्त नको. ज्याने तुमच्यासाठी मोठं काही केलं आणि ज्याला ते कधी सांगितलं गेलं नाही, असा हयात असलेला एक माणूस निवडा. शाळेतले मास्तर, पहिल्या नोकरीत काम शिकवणारा वरिष्ठ, फी भरणारा मामा. साधारण एक ते दीड पान लिहा. ते काय करत होते, तुम्ही तेव्हा कोणत्या अडचणीत होता, त्या एका गोष्टीमुळे पुढे काय काय झालं आणि आज तुम्ही काय करता. त्यांच्या स्वभावाची स्तुती दोन ओळींच्या वर गेली तर काट मारा.

शक्य असेल तर घरी जाऊन द्या. सेलिगमन यांच्या त्याच प्रयोगात पत्र स्वतः नेऊन देणाऱ्यांना सर्वांत जास्त बरं वाटलं होतं, जरी ते महिनाभरच टिकलं. फोन करून ‘सहज भेटायला येतो’ एवढंच सांगा. लग्नाची पत्रिका नाही, कर्ज मागायला नाही, हे कळेपर्यंत समोरचा माणूस थोडा सावध असतो, तेवढा चहा होऊ द्या. मोठ्याने वाचायचं धैर्य झालं नाही तर पत्र त्यांच्या हातात देऊन समोर बसा. अवघडल्यासारखं होईल या भीतीने बहुतेक पत्रं खणातच राहतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं: लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणारे कमी अवघडले आणि जास्त आनंदले.

‘पुरे’ची रेघ

वहीच्या मागच्या बाजूने दुसरं काम सुरू करायचं, समाधानाचं. कृतज्ञता मिळालेल्याकडे बघते. समाधानाचा संबंध न मिळालेल्याशी आहे, म्हणून ते जास्त कठीण.

पंगतीत काय होतं आठवा. वाढणारा आग्रह करतो, जिलबी पानावर येतेच येते. ज्याला थांबायचं असतं तो तोंडाने ‘पुरे’ म्हणतो आणि पानावर हात आडवा धरतो. नुसतं तोंडाने म्हटलेलं कोणी ऐकत नाही, आणि पोट फुटेपर्यंत खाल्ल्यावर हात धरून उपयोग नसतो. बाजार हा न थकणारा वाढपी आहे. हात आधी धरावा लागतो.

हात न धरता मन आपोआप भरेल या आशेवर राहू नका. 1978 साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या 22 लॉटरी विजेत्यांची माहिती घेतली. ते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत, उलट रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली दिसली. नमुना लहान होता, पण नवीन फोनचा आनंद किती दिवस टिकतो हे ज्याचं त्याला माहीत आहे.

मागच्या पानावर पाच ओळी आखा: कपडे, मोबाइल आणि यंत्रं, घर, खाणंपिणं, कमाई. प्रत्येकीपुढे आकडा लिहा, विशेषण नको. ‘साधे कपडे’ म्हणजे काहीच नाही. ‘रोजचे आठ जोड, समारंभाचे दोन’ ही रेघ. ‘फोन चार वर्षं, मधे बॅटरी बदलायची’ ही रेघ. ‘बाहेरचं जेवण महिन्यातून तीनदा’ ही रेघ. कमाईपुढे आकडा लिहिताना पेन सगळ्यात जास्त अडतं, तिथे दोन दिवस घ्या. घरखर्च, हप्ते, मुलांचं शिक्षण, म्हातारपण, आजारपण यांची खरी बेरीज करून मग लिहा. ती बेरीज आजच्या कमाईपेक्षा जास्त निघाली तर तुमचा प्रश्न समाधानाचा नाही, पैशाचा आहे. तो पैशाच्याच मार्गाने सोडवा आणि त्याबद्दल मनाला दोष देऊ नका. योगाच्या पाच नियमांत संतोषाच्या लगेच पुढे तप येतं, संतोष म्हणजे हातपाय गाळणं असतं तर हा क्रम जुळला नसता.

रेघेबाहेरचं काही हवंसं वाटलं की खाली लिहा: वस्तू, किंमत, तारीख, आणि ‘कोणाकडे पाहिलं?’ या शेवटच्या रकान्यात फार वेळा एकच नाव येतं, ते बघून हसू येईल. तीस दिवस थांबा. तीस दिवसांनी हवीच असेल आणि पैसे असतील तर खुशाल घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. सेल, ऑफर, ‘फक्त दोन शिल्लक’ यांना सवलत नाही.

महिन्यातून एकदा उणे करून बघा. असलेली एक गोष्ट एक दिवस बाजूला ठेवायची: लिफ्ट, मिक्सर, गिझर, दुचाकी. चौथ्या मजल्यावर पिशव्या चढवून नेल्या की लिफ्ट दोन-तीन आठवडे पुन्हा दिसायला लागते. हाच प्रयोग माणसांबाबत कागदावर करता येतो. 2008 च्या एका अभ्यासात जोडीदाराशी भेट कशी झाली हे लिहिणाऱ्यांपेक्षा, ती कशी हुकली असती हे लिहिणारे नात्याबद्दल जास्त समाधानी आढळले. अर्धं पान पुरतं. फक्त नुकतंच कोणी गमावलेल्याने हा प्रयोग करू नये.

जमतंय का, कसं कळणार

दर आठवड्याला नोंद करण्याआधी शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी मनात आणा. दहा म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितकं उत्तम आयुष्य, शून्य म्हणजे सर्वांत वाईट. आज कितव्या पायरीवर आहात तो आकडा कोपऱ्यात लिहा. ही शिडी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी 1965 मध्ये मांडली आणि देशोदेशींच्या सुखाच्या पाहण्यांत ती आजही वापरतात. सहा आठवड्यांत एक पायरी वर गेलात तर उत्तम. आकडा हलला नाही, पण ‘लिफ्टमनचं नाव आता माहीत आहे’, ‘तीस दिवसांच्या यादीतल्या नऊपैकी दोनच घेतल्या’ असं काही झालं असेल तर चालू ठेवा. लिहिताना सलग तीन आठवडे कंटाळाच आला तर पंधरा दिवस वही बंद.

घरात मुलं असतील तर

त्यांना वही देऊ नका, आणि पाहुण्यांसमोर ‘थँक्यू म्हण’ म्हणून दंडाला धरून हलवूही नका. जेवताना आठवड्यातून एकदा एक खेळ खेळा: पानातली एक वस्तू घ्यायची आणि ती इथवर यायला किती हात लागले ते मोजायचं. ज्वारीची भाकरी घेतली तर नांगरणी, पेरणी, खुरपणी. मग कणसात दाणा भरला की मचाणावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकणारा. काढणी, मळणी, पोती उचलणारे हमाल, ट्रकवाला, किराणा दुकानदार, गिरणीवाला. सहा-सात वर्षांची मुलं पंधरापर्यंत सहज जातात. गोफण म्हणजे काय, तिथे बराच वेळ मोडतो, मोडू द्या. भाकरी थापणारी व्यक्ती समोरच बसलेली असते आणि हमखास मोजायची राहते. लगेच सुचवू नका, ‘अजून एक राहिलं’ एवढंच म्हणा.